देवनारची माती तपासायची कुणी, आणि कुणाच्या पैशाने?

"देवनारचा कचरा उचलला की जमीन मोकळी. वर मातीच्या तपासणीवर सरकारी पैसा घालणं म्हणजे बिल्डरला आयतं ताट वाढून देणं. त्यापेक्षा दोन फूट मुरूम टाका आणि कामाला लागा." धारावी पुनर्विकासासाठी मुंबईच्या देवनार डम्पिंगची, म्हणजे जुन्या कचरा डेपोची, सुमारे १२४ एकर जागा द्यायचं ठरल्यापासून हे म्हणणं या ना त्या रूपात कानावर येतंय. ऐकायला रोखठोक वाटतं. पण त्यात बरीच विधानं एकात एक गुंडाळलेली आहेत.

"कचरा उचलला की जमीन मोकळी." डोळ्यांना मोकळी, एवढंच. देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय. सुमारे १८५ लाख टन जुना कचरा हटवण्यासाठी पालिकेने २०२५ मध्ये २,३६८ कोटींची निविदा काढली. हा कचरा उपसून ट्रॉमेलमध्ये, म्हणजे फिरत्या गोल चाळणीत, चाळतात: प्लास्टिक-चिंध्या एकीकडे, दगड-विटा दुसरीकडे, बारीक माती खाली. मात्र दर पावसाळ्यात ढिगातून झिरपलेलं काळं पाणी चाळणीत सापडत नाही, ते कधीच खाली उतरलेलं असतं. बॅटरीतलं शिसं, ट्यूबलाइटमधला पारा कुठल्या थरात थांबला, की थांबलाच नाही, हे वरून बघून कोण सांगणार?

त्यासाठी बोअर मारावं लागतं. नळीतून वर आलेला मातीचा दांडा थराथराने कापायचा, लगेच काचेच्या बरणीत बंद करायचा, बरणी बर्फात ठेवायची. हा दांडा अर्धा तास उन्हात पडून राहिला तर उडून जाणारी रसायनं निसटतात आणि अहवालात जमीन आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसते. नमुना कोण घेतो आणि त्याचे पैसे कोण देतो, हा प्रश्न म्हणूनच बारीकसारीक नाही.

"दोन फूट मुरूम टाका." मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या डम्पिंगवर चकाचक ऑफिसं उभी राहिली. तिथले संगणक वारंवार बिघडायला लागले तेव्हा संशय गेला तो खालच्या कचऱ्यातून येणाऱ्या वायूंवर. मुरूम वायू अडवत नाही. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉलची गोष्ट तर याहून वाईट. रसायनं पुरलेली जागा १९५३ मध्ये एक डॉलरला शाळा मंडळाकडे गेली, वर शाळा आणि आजूबाजूला घरं आली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून माणसं हलवावी लागली.

आपल्याकडेही २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंद केलेल्या भरावभूमीवर (कचरा पुरलेल्या जमिनीवर) वस्तीचा विचार १५ वर्षांच्या देखरेखीनंतर, तोही वायू, झिरपणारं पाणी आणि जमिनीची स्थिरता तपासूनच करायला सांगितलं. देवनारचा कचरा तर उचलूनच नेणार, मग हा नियम कशाला, असं कुणी म्हणेल. १५ वर्षांबद्दल वाद घाला, पण वायू-पाण्याची तपासणी टाळायला ते कारण पुरत नाही.

"बिल्डरला आयतं ताट." इथे तपासणी आणि सफाई यांची गल्लत होते. अमेरिकेची पर्यावरण संस्था दूषित असल्याचा संशय असलेल्या जमिनींच्या तपासणीसाठी १९९५ पासून अनुदान देते. ते शहरांना, सार्वजनिक संस्थांना, ना-नफा संस्थांना मिळतं. नफ्यासाठी धंदा करणाऱ्या बिल्डरला अर्जच करता येत नाही. त्या पैशातून आधी जुने नकाशे, परवाने चाळून जागेची पाहणी, मग संशय आला तर बोअर. बिल्डरने स्वतःच्या खर्चाने अहवाल केला आणि तो गैरसोयीचा निघाला, तर तो कुठल्या कपाटात जातो हे मी सांगायला नको. सरकारी पैशाचा अहवाल निदान मागता तरी येतो.

"ज्याने घाण केली तो भरेल," असंही कुणी म्हणतं. तत्त्व बरोबर आहे, मलाही मान्य. दूषित जागांसाठी केंद्राने जुलै २०२५ मध्ये काढलेले नियमही तेच म्हणतात, आणि घाण करणारा सापडला नाही तर सरकारवर भार टाकतात. (कचरा डेपो मात्र त्यांनी सरसकट कक्षेत घेतलेले नाहीत.) पण देवनारला घाण केली कुणी? मलबार हिलपासून मानखुर्दपर्यंत घराघरातून निघालेली गाडी तिथेच रिकामी झाली. म्हणजे बिल आपल्याच नावावर फाटतं. सफाईचा खर्च प्रकल्पाकडून वसूल करावा की नाही, यावर जरूर भांडा. मी वसूल करा म्हणणाऱ्यांपैकी आहे. पण तो आकडा किती, हे बोअर मारल्याशिवाय प्रकल्पवाल्याला तरी कुठल्या तोंडाने सांगणार?