उभ्या गाडीचं इंजिन बंद केलं तर जास्त पेट्रोल जातं? नाही, जात नाही

गाडी थांबवून वाट बघायची असेल तर इंजिन बंद करा, असं कुणाला सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं. मेसेजमधून ते फिरतं, गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं, शाळेच्या फाटकाबाहेर गाडी चालू ठेवून बसलेले पालकही तेच सांगतात. बंद करून पुन्हा चालू करायला जास्त पेट्रोल लागतं. स्टार्टर आणि बॅटरी लवकर जाते. थंड इंजिन तापवल्याशिवाय गाडी हलवायचीच नसते. आणि हल्लीच्या गाड्या इतक्या स्वच्छ असतात की उभ्या गाडीच्या धुरानं कुणाचं काही बिघडत नाही. यातला एकही मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही. जिथे थोडं तथ्य आहे तिथे तेही सांगतो.

आधी पेट्रोलचं बघू, कारण बाकी सगळा डोलारा त्यावर उभा आहे. दोन लिटर क्षमतेचं पेट्रोल इंजिन नुसतं चालू ठेवलं, एसीसुद्धा लावला नाही, तरी तासाला साधारण ०.६ लिटर पेट्रोल जळतं. म्हणजे सेकंदाला ०.१७ मिलिलिटर. एवढ्या पेट्रोलमध्ये सुमारे ५ किलोज्यूल ऊर्जा असते. आता गाडी चालू करण्याचा खर्च काढा. गरम इंजिन सेकंदाच्या आत-बाहेर चालू होतं आणि तेवढ्या वेळात स्टार्टर दीड-एक किलोज्यूल वीज खातो. ही वीज बॅटरीत परत भरायचं काम इंजिनच करतं आणि त्यात बरीच गळती होते: पेट्रोलची बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, थोडी अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र) खातो. म्हणून हा खर्च सातपट धरा. तरी तो १०-११ किलोज्यूलवर थांबतो, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं दोन सेकंद चालू ठेवण्याइतका. चालू होताना इंजिनात जे थोडं जादा इंधन सोडलं जातं ते मिळवलं तरी हिशेब काही सेकंदांतच राहतो. अमेरिकेतल्या अरगॉन नॅशनल लॅबोरेटरीनं प्रत्यक्ष गाड्यांवर मोजमाप केलं तेव्हा हेच दिसलं. थांबा १० सेकंदांहून मोठा असेल तर इंजिन चालू ठेवण्यातच जास्त इंधन जातं आणि जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

हा समज मुळात आला तो कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यांत्रिक भागाच्या काळातून. तेव्हा जादा पेट्रोल सोडण्यासाठी चोक ओढायचा, दोन-चारदा अॅक्सिलरेटर दाबायचा, आणि बरंचसं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जायचं. त्या गाड्यांसाठी हा सल्ला अगदीच खोटा नव्हता. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत किती इंधन सोडायचं ते इंजिनाचं तापमान बघून कंप्युटर ठरवतो. अशा गाडीला जुना सल्ला लावायला काही आधार नाही.

स्टार्टर आणि बॅटरीच्या झिजेबद्दल मात्र थोडं खरं आहे. दर वेळी सेल्फ मारला की थोडी झीज होतेच. कॅनडाच्या नैसर्गिक संसाधन खात्यानं ही झीज आणि इंधनाची बचत दोन्ही जमेस धरून सरळ सल्ला दिला आहे: रहदारीत नसाल आणि ६० सेकंदांहून जास्त थांबणार असाल तर इंजिन बंद करा. रांग दर पाच सेकंदांनी पुढे सरकत असेल तर बंद-चालूचा खेळ करू नये, हे त्यातच आलं. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना मुळातच जास्त दमाचा स्टार्टर आणि बॅटरी दिलेली असते, त्यांची काळजी करायचं कारण नाही. ‘बॅटरी चार्ज होत राहते’ म्हणून गाडी चालू ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की इंजिन हळू फिरत असताना अल्टरनेटर फार वीज देत नाही, आणि जी देतो त्यातली बरीच दिवे आणि पंखाच खातात. एकदा बंद केली की गाडी चालूच होणार नाही अशी धास्ती वाटत असेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली आहे.

सकाळी इंजिन तापवण्याचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण इंजिनाची काळजी म्हणून जे केलं जातं त्यानं इंजिनाचंच नुकसान होतं. थंड इंजिनाला कंप्युटर जास्त इंधन देतो. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. उभ्या गाडीच्या इंजिनावर भार नसल्यामुळे ते तापतंही हळूहळू, म्हणजे ही अवस्था लांबत जाते. अर्धा-एक मिनिट थांबून, रेस न देता गाडी हळू हळू चालवायला घेतली की ते कितीतरी लवकर तापतं. कडाक्याच्या थंडीत डिझेल इंजिनाला थोडा जास्त वेळ लागतो, आणि काचेवरचं दव किंवा बर्फ तर काढलंच पाहिजे.

धुराच्या दृष्टीनं तर हे आणखी वाईट. विषारी वायूंचं रूपांतर करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. गाडीचा सगळ्यात घाण धूर सुरुवातीच्या त्या मिनिटांतच निघतो आणि गाडी उभी ठेवून आपण तो एकाच जागी, बहुतेक वेळा आपल्याच घराच्या खिडक्यांखाली सोडत राहतो.

यातच ‘नव्या गाड्या स्वच्छ असतात’ याचं उत्तर आहे. त्या स्वच्छ असतात, पण यंत्रणा गरम असताना. आधुनिक डिझेल गाडीत नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या यंत्रणेला साधारण २०० अंशांचा धूर लागतो. इंजिन बराच वेळ नुसतं चालू राहिलं की धूर थंड पडतो, ती यंत्रणा ढेपाळते आणि नायट्रोजन ऑक्साइड तसेच बाहेर येतात. डिझेलच्या धुरानं माणसाला कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१२ मध्येच जाहीर केलं आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवल्यानं माणसं मरतात ती यामुळेच. कार्बन डायऑक्साइड तर कुठलाच कन्व्हर्टर काढत नाही: एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो तयार होतो.

हा धूर जातो कुठे, तेही बघा. सायलेन्सरचं तोंड जमिनीपासून फूट-दीड फुटावर असतं. बाबागाडीतल्या बाळाचा चेहरा आणि पहिलीतल्या मुलाचं नाक आपल्यापेक्षा त्याच्या कितीतरी जवळ असतं, आणि वजनाच्या मानानं मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात. काचा लावून बसलेला चालकही सुटत नाही. त्याच्या गाडीत बाहेरची हवा घेणारी जाळी विंडस्क्रीनच्या खाली असते, म्हणजे पुढच्या गाडीच्या धुरापासून काही फुटांवर.

काही वेळा इंजिन चालू ठेवावंच लागतं. अॅम्ब्युलन्स, अग्निशामक गाडी, शीतगृहाचा ट्रक यांचं कामच तसं आहे. रणरणत्या उन्हात गाडीत तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर एसी हवाच, किंवा त्यांना घेऊन सावलीत उतरावं. इंजिन बंद करून त्यांना बंद गाडीत ठेवणं जिवावर बेतू शकतं.

राहिला शेवटचा युक्तिवाद, ‘माझ्या एका गाडीनं काय होणार?’ अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजानुसार तिथल्या खासगी गाड्या नुसत्या उभ्या राहून वर्षाला सुमारे ३०० कोटी गॅलन, म्हणजे ११०० कोटी लिटरहून अधिक इंधन जाळतात, आणि हा आकडा एकेका गाडीचाच बनलेला आहे. पण मला त्यापेक्षा तिथल्याच सिनसिनाटी शहरातला अभ्यास महत्त्वाचा वाटतो. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चार शाळांबाहेर इंजिन बंद ठेवण्याच्या मोहिमेआधी आणि नंतर हवा मोजली गेली. सगळ्यात जास्त बस येणाऱ्या शाळेबाहेर सूक्ष्म कण आणि काजळी दोन्ही लक्षणीय घटली. चालकांकडून मागणं एवढंच होतं की मुलांची वाट बघत उभे असाल तेव्हा इंजिन बंद करा.