२७ वर्षांचा पुरातन राजवाडा

२०२५ च्या जुलैत आपल्या बारा किल्ल्यांची नावं जागतिक वारसा यादीत लागली आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांचा पाऊस पडला. दोन दिवस सगळं आनंदात चाललं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी एक फॉरवर्ड टाकलं. त्याचा सारांश असा: जपान बघा, महायुद्धात सगळं जळलं, तरी राजवाडे जसेच्या तसे उभे केले, आपण मात्र रायगडावर पडके चौथरे दाखवतो. लगेच दोन तट पडले. एक म्हणे बांधा, राजसदर बांधा, महाल बांधा. दुसरा म्हणे दगडाला हात लावाल तर खबरदार. आणि मग अपेक्षेप्रमाणे, ‘तू तिथे राहतेस ना, तूच सांग’.

मी राहते जपानच्या दक्षिण टोकाच्या ओकिनावा बेटावर, नवऱ्याच्या प्रयोगशाळेच्या कृपेने. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आलो आणि ३१ ऑक्टोबरच्या पहाटे शुरीचा राजवाडा जळाला. आमच्यापासून तो तसा लांब, नाहा शहराच्या टेकडीवर. पण सकाळी कचरा ठेवायला बाहेर पडले तर शेजारच्या आजी दाराशीच थांबलेल्या होत्या, डोळे सुजलेले. इथे आजीबाईंना ‘ओबा’ म्हणतात. तेव्हा माझं जपानी नमस्कार-चमत्कारापुरतंच होतं. टीव्हीवर लाल खांबांचा सांगाडा ज्वाळांत कोसळताना दिसत होता. मला वाटलं, चारपाचशे वर्षांचं काहीतरी गेलं.

गेलं होतं २७ वर्षांचं. तो राजवाडा १९९२ साली बांधलेला होता.

हे कळल्यावर मी मनात थोडी हसलेही होते, आता सांगायला लाज वाटते. आमच्या वाईतल्या सोसायटीची इमारत त्याहून जुनी आहे, असा काहीतरी पुणेरी विचार. पुढे ओबाकडूनच बाकीची गोष्ट कळली. ओकिनावात पूर्वी र्‍युक्यू हे स्वतंत्र राज्य होतं, १४२९ पासून १८७९ पर्यंत, आणि शुरी ही त्याची राजधानी. त्यातली शेवटची पावणेतीनशे वर्षं सात्सुमा या जपानी प्रांताच्या सरदारांच्या टाचेखाली, पण राजा होता, दरबार होता. १८७९ मध्ये जपानने ते गिळलं. राजवाडा ओस पडला, १९२० च्या दशकात तो पाडायचंही ठरलं होतं. इतो चुता आणि कामाकुरा योशितारो या दोन अभ्यासकांनी धावाधाव करून वाचवला. (त्याच दशकात रायगडावर महाराजांच्या समाधीचा जीर्णोद्धार झाला.) मग १९४५ आलं. जपानी ३२ व्या सैन्याने आपलं मुख्यालय नेमकं या राजवाड्याखालच्या भुयारांत थाटलं आणि अमेरिकन तोफांनी टेकडी सपाट केली. युद्धानंतर अमेरिकनांचा अंमल. त्यांच्या काळात, १९५० मध्ये, त्या मोकळ्या टेकडीवर विद्यापीठ उभं राहिलं.

ओबा त्या विद्यापीठात शिकल्या, साठच्या दशकात. “माझ्यासाठी तो राजवाडा नव्हताच कधी,” त्या म्हणाल्या, “कॉलेज होतं.” आणि तरी त्या सकाळी रडल्या. का, ते मला त्या दिवशी समजलं नाही. समजलं पुढच्या वर्षी, कौलं खरवडताना.

आगीतून वाचलेल्या लाल कौलांवरचा चुना काढायला स्वयंसेवक बोलावले होते. ओबा निघाल्या म्हणून मीही गेले. हातमोजे, मास्क, हातात एक चपटं हत्यार. कौल मांडीवर घ्यायचं आणि कडेला चिकटलेला पांढरा थर टोकरत बसायचं. जोर लावला तर कौल तडकतं, हळू घेतलं तर तासात चारच होतात. माझ्या शेजारी एक शाळकरी मुलगा होता, तो प्रत्येक कौल झालं की उलटं करून फुंकर मारायचा. चांगली निघालेली कौलं पुन्हा कामाला येणार, फुटक्यांची भुकटी नव्या कौलांच्या मातीत मिसळणार, असं सांगितलं. संध्याकाळी नखांत लाल धूळ. ओबा बसमध्ये ती धूळ बघत म्हणाल्या, १९९२ मध्ये त्यांच्या दिवंगत यजमानांनी पहिल्यांदा त्यांना तिकीट काढून आत नेलं, तेव्हा ते म्हणाले होते, ‘आपलंही काहीतरी होतं.’

म्हणजे ‘बांधा’वाल्यांची बाजू मला पटते, हे आधी कबूल करते. चौथऱ्याकडे बघून महाल दिसायला एक तर अभ्यास लागतो, नाहीतर फार प्रेम लागतं. सहलीला आलेल्या सातवीच्या पोराकडे दोन्ही असेलच असं नाही.

पण फॉरवर्डमधला ‘जसाच्या तसा’ हा शब्द खोटा आहे, आणि ते मला माझ्या मामांनी दाखवलं. मामा इतिहासाचे शिक्षक, निवृत्त, वय ७१. २०२५ च्या एप्रिलमध्ये आले. मोनोरेलने शुरीला उतरलो, चढ चढून शुरेइमोन कमानीपाशी गेलो. दोन हजार येनच्या नोटेवर जिचं चित्र आहे ती हीच कमान. मामांनी नोट आणि कमान शेजारी धरून फोटो काढून घेतला. पहिला प्रश्न: “ही जुनी का गं?” नाही मामा, १९५८ ची. “बरं.” वहीत लिहिलं.

४०० येनचं तिकीट काढून आत गेलो. तेव्हा मुख्य महालाभोवती एक अवाढव्य शेड होती आणि शेडमध्येच काचेआडून काम बघायला सज्जे केलेले. सगळं झाकून ठेवून एक दिवस फीत कापायची, असा प्रकार नाही. सुतार, रंगारी काम करतायत आणि लोक पोराबाळांसकट बघतायत. २०२६ च्या शरदात पुरं करायचं ठरलंय. मामा तासभर हलेनात. लाल रंगाचंच घ्या: जुन्या कागदांत कुशी भागातल्या रंगाचा उल्लेख सापडला, म्हणून उत्तरेकडच्या ओढ्यातला, जिवाणूंनी तयार केलेला लोहयुक्त गाळ गोळा करून त्यापासून रंग केला. हे सगळं करता आलं कारण कागद आहेत. १७६८ च्या दुरुस्तीची मापांसकट चित्रं आहेत, कामाकुरांच्या वह्या आहेत, युद्धापूर्वीचे फोटो आहेत. आणि एवढं असूनही भांडण आहेच. महालासमोरच्या दोन दगडी ड्रॅगन-खांबांची तोंडं समोर हवीत की एकमेकांकडे? १७६८ च्या चित्रात एकमेकांकडे. १८७७ चा एका फ्रेंच माणसाने काढलेला फोटो उजेडात आला, त्यात समोर. तज्ज्ञांची समिती, वर्तमानपत्रांत पत्रं, सह्यांची मोहीम. शेवटी समितीने एकमेकांकडेच ठेवली. वाद मिटला असं कुणी म्हणत नाही.

“आपल्याकडे रायगडाचं काय आहे?” मामा खाली उतरताना स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “ऑक्झेंडनची १६७४ ची डायरी. मग १८१८ ची आग. मध्ये?” राज्याभिषेकाला आलेल्या त्या इंग्रज वकिलाने जे पाहिलं ते लिहिलं, पण माड्या किती हात उंच होत्या, खांबांवर नक्षी कसली होती, हे मोजून काढलेलं एकही चित्र मामांच्या आयुष्यभराच्या वाचनात आलेलं नाही. मग रायगडावर महाल बांधायचा तर तो कुणाच्या मनातला बांधायचा? नेपथ्यकाराच्या?

आणखी एक गोष्ट फॉरवर्ड करणाऱ्यांना माहीत नसते. शुरी २००० साली जागतिक वारसा यादीत गेला, पण त्या यादीतलं नाव आहे ‘शुरीजो-आतो’. आतो म्हणजे जिथे होतं ती जागा, अवशेष. वारसा म्हणून नोंद आहे ती जमिनीतल्या जुन्या दगडांची, वरच्या लाल महालाची नाही. म्हणूनच २०१९ मध्ये महाल जळूनही यादीतलं नाव राहिलं. १९९२ च्या महालात तळमजल्यावर जमिनीत काच बसवली होती, खालचे खरे दगड दिसावेत म्हणून. वरचं आमचं, खालचं पूर्वजांचं, इतका साधा हिशोब.

आपल्याकडे हा हिशोब मांडलेला नसतो. रायगडावर सिंहासनाच्या जागी मेघडंबरी आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली ती शिवकालीनच समजत होत्या, मीही. ती आपल्या काळातली आहे हे मला कुठल्या पाटीने नाही, मामांनी सांगितलं, तेही मी कॉलेजात गेल्यावर. मेघडंबरी नसावी असं मी म्हणत नाही, तिच्यापुढे माझेही हात जोडले जातात. फक्त सांगा ना, कधीची ते.

त्याच यादीतला कात्सुरेनचा किल्ला मात्र ओकिनावाने पडकाच ठेवलाय. मामांना तोच जास्त आवडला. समुद्रावर आलेल्या टेकडीवर नुसत्या वळणदार भिंती, वर वारा, एक खांबही पुन्हा उभारलेला नाही. तिथल्या उत्खननात रोमन नाणी निघाली, हे ऐकल्यावर ते लहान मुलासारखे खूश झाले. “हा आपला राजगड,” म्हणाले. म्हणजे एकाच बेटावर, एकाच यादीत, एक बांधलेला आणि एक न बांधलेला. आमच्या ग्रुपवरच्या दोन्ही तटांना पुरून उरेल इतका पुरावा.

आता कुणी म्हणेल, झालं जपानचं गुणगान सुरू. तर तसंही नाही. राजवाड्याच्या खालच्या अंगाला त्या ३२ व्या सैन्याच्या भुयाराची पाटी आहे. मजकूर तज्ज्ञांच्या एका वेगळ्या समितीने लिहून दिला होता. २०१२ मध्ये पाटी लागली तेव्हा प्रांतिक सरकारने त्यातून दोन गोष्टी गाळल्या: भुयारात सैन्यासाठी ठेवलेल्या बायकांचा उल्लेख, आणि हेर ठरवून जपानी सैनिकांनी मारलेल्या ओकिनावातल्याच रहिवाशांचा. समितीने निषेध केला, पाटी तशीच लागली. दोन ड्रॅगनांची तोंडं कुठे हवीत यावर जिथे वर्षानुवर्षं खल होतो, तिथे सरकार मात्र दोन वाक्यांना घाबरलं. मी मामांना हे सांगितलं तेव्हा ते पाटीसमोर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अगं, लाकडाचं माप चुकलं तर पुढचा सुतार दुरुस्त करील. पाटीतलं वाक्यच गेलं तर कुणाला कळणार?”

ग्रुपवर मी एवढं सगळं लिहिलं नाही. लिहिलं असतं तर बघितल्याच्या निळ्या खुणा आल्या असत्या आणि मग सुप्रभातचं फूल. ‘शुरीजो-आतो’चा अर्थ तेवढा टाकला. एका मावसभावाने विचारलं, मग तू बांधा म्हणणारी की नको म्हणणारी? म्हटलं, कागद असतील तिथे बांधा, नसतील तिथे नको, आणि दोन्हीकडे पाटी लावा. त्याने अंगठा दाखवला. कशाला दाखवला कोण जाणे.

ओबा आता ऐंशीच्या पुढे गेल्यात, गुडघे दुखतात. शरदात महाल उघडला की मी त्यांना घेऊन जाणार आहे, तसं ठरलंय. परवा चहा घेताना म्हणाल्या, आत गेल्यावर मला आधी आमच्या वर्गाची खिडकी कुठे यायची ते शोधू दे, राजाचं आपण नंतर बघू.