सत्त्याऐंशी हजारांचा हप्ता आणि संगीताची पदवी

मार्च संपत आला की अमेरिकेतल्या म्युझिक स्कूलांची पत्रं यायला लागतात. ‘५० टक्के स्कॉलरशिप’ एवढं वाचून घरात पेढे येतात. उरलेले ५० टक्के म्हणजे नेमके किती, हा हिशेब मात्र जागा पक्की करायचं डिपॉझिट भरल्यावर मांडला जातो. तो आधी मांडा, एवढ्याचसाठी ही पोस्ट.

आधी बघा, ५० टक्के कशाचे? बहुतेक वेळा फक्त ट्यूशनचे. राहणं, जेवण, आरोग्यविमा, विमानभाडं सगळं वेगळं. बोस्टन-न्यूयॉर्कमध्ये हे वरचं बिलच वर्षाला २५ हजार डॉलरच्या घरात सहज जातं. शिवाय स्कॉलरशिपची रक्कम बहुधा डॉलरमध्ये ठरलेली असते आणि चारही वर्षं तेवढीच राहते. ट्यूशन मात्र दरवर्षी चढते. समजा ट्यूशन ५० हजार डॉलर, स्कॉलरशिप २५ हजार आणि वाढ वर्षाला ४ टक्के. पहिल्या वर्षी तुमच्या खिशातून २५ हजार जातील, चौथ्या वर्षी ३१ हजारांहून जास्त. वर रुपयाची घसरण आहेच. २०२१ च्या मध्यात डॉलर ७४ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये तो ९० च्या पुढे गेला. एका पदवीच्या काळात एवढा फरक पडला.

आता कर्ज. समजा ६० लाख, दरवर्षी १५ लाख उचलायचे, व्याज १० टक्के, आणि कोर्स संपल्यावर हप्ते सुरू व्हायला एक वर्षाची सवलत. हप्ता सुरू होईपर्यंत सरळव्याजानेच २१ लाख चढलेले असतात. म्हणजे फेड सुरू होते ८१ लाखांपासून. १५ वर्षांच्या मुदतीत महिना सुमारे ८७ हजार, आणि एकूण भरणा दीड कोटीच्या वर. आईवडिलांना कोर्समध्ये आणि सवलतीच्या वर्षातही दरमहा व्याज भरता आलं (पहिल्या वर्षी १२,५००, चौथ्या वर्षापासून ५० हजार), तर हप्ता साडेचौसष्ट हजारांच्या आसपास राहतो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते हे खरं, पण ती जुन्या करप्रणालीतच आणि जास्तीत जास्त ८ वर्षं. हप्ते १५ वर्षं चालणार.

८७ हजार म्हणजे काय, ते संगीताच्या भाषेत बघू. महिना तीन हजार फी घेणाऱ्या गिटार शिक्षकाला केवळ हप्त्यासाठी २९ विद्यार्थी लागतात. प्रत्येकाला आठवड्याला एक तास धरला तर २९ तास झाले. त्यात घरभाडं नाही, जेवण नाही आणि स्वतःचा रियाज तर नाहीच. ज्या हातांसाठी एवढा खर्च केला, त्याच हातांना रियाजाला वेळ उरत नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

‘तिकडे गिग करून फेडेल’ असं पालक हमखास म्हणतात. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर वेगळी परवानगी असल्याशिवाय कॅम्पसबाहेर पैसे घेऊन वाजवता येत नाही. कॅम्पसवरचं काम सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच. पदवीनंतर ओपीटीवर (आपल्या विषयात काम करायची तात्पुरती परवानगी) एक वर्ष मिळतं. अभियांत्रिकीच्या मुलांना मिळणारी दोन वर्षांची वाढ परफॉर्मन्सच्या, म्हणजे गायन-वादनाच्या, पदवीला नाही.

तिथे स्थायिक मराठी कुटुंबांनाही आता जपूनच चालावं लागेल. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाच्या नावावर चार वर्षांत २७ हजार डॉलरच सरकारी कर्ज मिळतं, आणि १ जुलै २०२६ पासून नव्याने पालकांच्या नावावर घ्यायच्या कर्जालाही प्रत्येक मुलामागे ६५ हजारांची मर्यादा आहे. त्यापुढे खाजगी कर्ज.

माझं मत स्पष्ट आहे: राहतं घर तारण ठेवून परफॉर्मन्सची पदवी घेऊ नये. स्टुडिओत किंवा ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला वाजवून दाखवावं लागतं, कॉलेजचं नाव तिथे वाजत नाही. शिक्षक चांगला हवा, हे मात्र शंभर टक्के. म्हणून अर्ज करण्याआधी त्या शिक्षकाचा एक तास पैसे देऊन घ्या, ऑनलाइन का होईना.

आता दुसऱ्या वाटा बघू. फिलाडेल्फियाची कर्टिस इन्स्टिट्यूट १९२८ पासून कोणाकडूनच ट्यूशन घेत नाही. लॉस एंजेलिसच्या कोलबर्न कॉन्झर्व्हेटरीत राहण्या-जेवणाचाही खर्च उचलतात. जागा मोजक्याच, पण अर्ज जरूर करा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत ट्यूशन नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं) दाखवावे लागतात, आणि जर्मन भाषेला पर्याय नाही.

मला सगळ्यात पटणारी वाट वेगळी आहे. पदवी इथेच कमी खर्चात करा, त्या वर्षांत हात आणि नोटेशनचं वाचन तयार करा, मग अमेरिकेत मास्टर्सला असिस्टंटशिपसाठी प्रयत्न करा. साथ करणं किंवा थिअरीचे वर्ग घेणं याच्या बदल्यात अनेक सरकारी विद्यापीठं ट्यूशन माफ करून वर स्टायपेंडही देतात. हिंदुस्थानी संगीतासाठी तर कर्ज काढायचं कारणच नाही, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र गुरुकुल पद्धतीनेच शिकवतं.

तरीही जायचंच ठरलं, तर प्लेसमेंट टेस्टची (कोणत्या पातळीच्या वर्गात बसायचं ते ठरवणारी सुरुवातीची परीक्षा) तयारी मनापासून करा. आपल्या मुलांचे कान तयार असतात, नोटेशन वाचनात ती अडकतात. शिवाय आपला ‘सा’ हलता. काही कॉन्झर्व्हेटरींत ‘डो’ (तिकडचा ‘सा’) म्हणजे कायम सी हाच सूर, तिथे सुरुवातीला चांगली गाणारी मुलंही गडबडतात. टेस्टमध्ये मागे पडलं की पायाभूत कोर्स करावे लागतात, थिअरीची साखळी एक सत्र पुढे सरकते आणि पदवी साडेचार वर्षांवर जाते. स्कॉलरशिप बहुधा आठ सत्रांचीच, त्यामुळे नववं सत्र पूर्ण दराने.

डिपॉझिटची तारीख बहुतेक ठिकाणी १ मे. त्याआधी ॲडमिशन ऑफिसला नम्र मेल लिहा: दुसऱ्या स्कूलची ऑफर जोडा, किती डॉलर कमी पडतात तो आकडा लिहा आणि रक्कम वाढवता येईल का ते विचारा. व्हायोला, बॅसून, डबल बेस वाजवणाऱ्यांची ऑर्केस्ट्राला गरज असते, त्यांचं ऐकलं जाण्याची शक्यता जास्त. गिटार आणि गायनात रांग मोठी, तरीही विचारा. त्याच मेलमध्ये स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए (गुणांची सरासरी) लागतो आणि ट्यूशन वाढली तर स्कॉलरशिपही वाढते का, हेही विचारून घ्या. उत्तर लेखी आल्याशिवाय डिपॉझिट भरू नका.