सेन्सर जळत नाही, बॅटरी काढू नका

परवा रात्री सव्वाअकराला भाचीचा फोन. आवाज रडवेला. “मावशी, माझा सेन्सर गेला का गं?” सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप. गच्चीत ट्रायपॉडवर कॅमेरा लावून तिने चार मिनिटांचं एक्स्पोजर घेतलं होतं, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं ठेवलं होतं. शटर बंद झालं, पण फोटो दिसेना, स्क्रीनवर नुसतं ‘बिझी’. तिसऱ्या मिनिटाला घाबरून तिने बॅटरी काढली. फोटो गेला.

एवढं घाबरायचं कारण म्हणजे दुपारीच तिला आलेला फॉरवर्ड. मलाही तो तीन ग्रुपवरून आलाय. त्यात म्हटलंय: ३० सेकंदांपेक्षा जास्त शटर उघडं ठेवलं की सेन्सर जळतो, फोटोत लाल-निळे ठिपके दिसले की जळायला सुरुवात झाली समजा, कॅमेरा अडकला तर लगेच बॅटरी काढा, आयएसओ वाढवा म्हणजे सेन्सरवर जास्त प्रकाश पडतो, ताऱ्यांच्या रेघा ट्रायपॉड हलल्यामुळे येतात, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताचा हादरा भरून काढणारी सोय) बंद ठेवा.

आधी बॅटरीचं बोलते, कारण खरं नुकसान तिथेच होतं. कॅमेरा अडकलेला नव्हताच. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असलं की कॅमेरा आपला फोटो झाल्यावर शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा दुसरा फोटो घेतो, पूर्ण अंधाराचा. त्यात फक्त सेन्सरचे स्वतःचे ठिपके उमटतात. ते पहिल्या फोटोतून वजा करायचे आणि मग फोटो कार्डावर लिहायचा, असं ते काम चालतं. म्हणजे चार मिनिटांच्या फोटोला एकूण आठ मिनिटं. पोरीने आणखी दीडेक मिनिट कळ काढली असती तर फोटो हातात होता. थांबायचं नसेल तर मेनूत जाऊन ते बंद करा. पण काम चालू असताना बॅटरी ओढायचा सल्ला देणाऱ्याने कॅमेऱ्याचं मॅन्युअल उघडूनही पाहिलेलं नाही.

आता जळण्याचं. बऱ्याच कॅमेऱ्यांत शटरचे आकडे ३० सेकंदांवर संपतात, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. त्याच्या पुढे बल्ब मोड असतो, म्हणजे हवा तितका वेळ शटर उघडं ठेवायची सोय, आणि तो कंपनीनेच दिलेला असतो. सेन्सरवरच्या पिक्सेलवर, म्हणजे एकेका बारीक चौकटीवर, प्रकाश पडला की विद्युतभार साठतो. पिक्सेल भरला की ती जागा पांढरीफटक येते, आणि पुढच्या फोटोआधी तो रिकामा होतो. जळायला त्यात काही नाही. डिसेंबर १९९५मध्ये हबल दुर्बिणीने आकाशाच्या एका इवल्याशा तुकड्याचे १० दिवसांत ३४२ फोटो घेतले. एकेक एक्स्पोजर साधारण १५ ते ४० मिनिटांचं, आणि तेही डिजिटल सेन्सरवरच. त्यानंतरही तो कॅमेरा २००९पर्यंत काम करत होता. तो सेन्सर खूप थंड ठेवलेला असायचा, हे खरं. पण ते ठिपके कमी यावेत म्हणून. तापमान ढोबळमानाने दर ६ ते ८ अंशांनी वाढलं की सेन्सरमध्ये अंधारातही साठणारा भार दुप्पट होतो. तुमच्या फोटोतले लाल-निळे ठिपके बहुतेक त्याचेच. भाचीला मी लेन्सवर कॅप लावून आणि नॉइज रिडक्शन बंद करून चार मिनिटांचा फोटो घ्यायला लावला. काळ्या फोटोत ठिपकेच ठिपके! लगेच १ सेकंदाचा घेतला, त्यात जवळजवळ एकही नाही. जळलेला सेन्सर असा सेकंदात बरा होतो का?

एक मात्र मान्य करते. सेन्सर खराब होऊ शकतो, पण भर दुपारचा सूर्य लेन्समधून बराच वेळ त्यावर पडला किंवा लेझर शोमधला किरण थेट लेन्समध्ये शिरला तर. लेझरला तर क्षणही पुरतो. फॉरवर्डमध्ये यातलं अक्षर नाही.

आयएसओने प्रकाश वाढत नाही. प्रकाश किती येणार ते लेन्सचं भोक म्हणजे अ‍ॅपर्चर आणि वेळ ठरवतात. आयएसओ फक्त मिळालेला सिग्नल वाढवून दाखवतो. आणि ताऱ्यांच्या रेघा? पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, ट्रायपॉड जमिनीत पुरला तरी त्या येणारच. तारे ठिपक्यासारखे हवे असतील तर ५००ला फोकल लेंग्थने, म्हणजे लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याने, भागा. फुल फ्रेमवर (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) २० मिलिमीटरच्या लेन्सला २५ सेकंद मिळतात; लहान सेन्सरवर त्याहून कमी धरा.

स्टॅबिलायझेशनचा सल्ला बराचसा बरोबर आहे. कॅमेरा स्थिर असताना जुन्या लेन्समधली यंत्रणा नसलेला हादरा शोधत बसते आणि फोटो हलतो. नव्या काही लेन्स ट्रायपॉड ओळखतात. तुमची ओळखते का ते मॅन्युअलमध्ये बघा. आणि कॅमेरा हातात घेतलात की ते परत चालू करा.