लेओव्हर सत्कारणी

लेकीकडे अमेरिकेला जायचं तर थेट विमान आम्हाला परवडत नाही. म्हणजे तसं परवडतं, पण ते परवडतंय हे आमच्या ह्यांना पटत नाही, त्यामुळे मध्ये कुठेतरी उतरावं लागतंच आणि ह्या वेळचं कुठेतरी म्हणजे ॲमस्टरडॅम. मध्यरात्री मुंबईहून निघायचं, सकाळी तिथल्या स्किपोल एअरपोर्टवर उतरायचं आणि मग दुपार कलेपर्यंत बसून राहायचं. आता बसून राहायचं असं मी म्हणतेय, सोसायटीत कुणालाच ते मान्य नव्हतं. "अय्या, एवढे तास? मग ॲमस्टरडॅम करून घ्या की!" जो भेटेल तो हेच, जसं काही ॲमस्टरडॅम म्हणजे येताजाता टाकून यायचं दळण आहे. एअरपोर्टच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, पंधरा-वीस मिनिटांत गावात, कालव्यातून बोटीची एक चक्कर मारा आणि परत या. सगळं बरोबर आहे हो, ट्रेन आहे, बोट आहे, फक्त शेंगेन व्हिसा, म्हणजे तिकडच्या युरोपीय देशांत शिरायचा व्हिसा, तो नाहीये! पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा मिरवत असला तरी डच लोक त्यावर बाहेर सोडत नाहीत. हे मी तळमजल्यावरच्या काकूंना नीट समजावून सांगितलं, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निघायच्या दिवशी विचारलं, ट्यूलिपची बाग बघणार ना?

तर जे काय सत्कारणी लावायचं ते आतल्या आत.

पहिलं काम म्हणजे जागा धरणं. खिडकीशी पाय पसरून पडता येईल अशा खुर्च्या असतात त्यातल्या दोन शेजारशेजारच्या रिकाम्या दिसल्या, हे मागे रेंगाळत होते, मी एकीवर बसले आणि दुसरीवर रुमाल टाकला. आयुष्यभर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलीये, हात आपोआप जातो. एक उंचेले पांढऱ्या केसांचे आजोबा आले, त्यांनी रुमाल उचलला, दोन बोटांनी झटकला, व्यवस्थित चौकोनी घडी केली, तुमचा पडला वाटतं असं हसून माझ्या हातात दिला आणि त्या खुर्चीत बसले. काय बोलणार? वर मीच थँक्यू म्हणलं.

हे मात्र जागेसाठी आलेच नव्हते, ते जमीन बघत होते. हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत हे सांगायचं राहिलं. तर स्किपोल हा एअरपोर्ट समुद्रसपाटीच्या खाली आहे, सुमारे 3 मीटर, आणि तिथे पूर्वी चांगलं मोठं तळं होतं, हार्लेमरमेर नावाचं. ते डच लोकांनी वाफेवरचे पंप लावून उपसून काढलं, तीन ठिकाणी पंप, 1852 मध्ये तळं कोरडं झालं. आधी शेती केली, मग 1916 मध्ये लष्करी विमानं उतरवायला लागले, आणि आता त्या तळ्याच्या तळाशी माणसं परफ्यूम विकत घेतायत. हे सगळं ह्यांनी मला दोन्ही हात हलवत सांगितलं. मग त्या आजोबांना सांगितलं, ते डच असल्यामुळे त्यांना ते माहीतच असणार पण भला माणूस, शेवटपर्यंत मान डोलावली. मग फरशी पुसायचं ते छोट्या गाडीसारखं मशीन घेऊन एक बाई आल्या त्यांना थांबवून सांगायला निघाले तेव्हा मी म्हणलं, अहो, त्या खालचं पाणी काढतायत तेवढं पुरे.

खरेदीचं म्हणाल तर आमच्याकडे एक अंगभूत ब्रेक आहे, गुणिले शंभर. युरो नेमका शंभर रुपयांचा नसला तरी शंभरच धरायचा, म्हणजे भीती नीट बसते. पाण्याची बाटली चार युरोच्या आसपास, म्हणजे चारशे रुपये, पाण्याचे! तिथे नळाचं पाणी बिनधास्त पितात, आम्ही आमच्या बाटल्या भरून घेतल्या आणि आठशे रुपये कमावले. चीजच्या दुकानात ताटलीत तुकडे ठेवलेले असतात टूथपिक लावून, ते खाऊन बघितले (बरे लागतात, जुनं चीज जरा जास्तच बरं लागतं). स्ट्रूपवाफल म्हणून पाकाची पातळ बिस्किटं मिळतात, गरम कॉफीच्या कपावर झाकणासारखी ठेवायची म्हणजे आतला पाक सैल होतो, ते एक पाकीट मात्र नातवासाठी घेतलं आणि तिथेच फोडलं. पण खरं जेवण म्हणजे डबाच. दशमी, लसणीची कोरडी चटणी, आणि डबा उघडल्याबरोबर आजूबाजूच्या चार रांगांतून माना वळल्या. एक मुलगा लांबून उठून जवळ आला, "काकू, पुण्याच्या का?" वासावरून ओळखलं मेल्याने! त्याला एक दशमी दिली, त्याने आम्हाला वायफाय जोडून दिलं, असं ते वस्तुविनिमयाचं काम झालं.

फुकट गोष्टी तिथे आहेत हं, नाही असं नाही. हॉलंड बुलेव्हार्ड म्हणून एक भाग आहे, आम्ही गेलो तेव्हा तिथे राइक्सम्युझियमची, म्हणजे ॲमस्टरडॅमच्या मोठ्या चित्रसंग्रहालयाची, छोटी खोली होती, मोजकीच चित्रं पण अस्सल, आणि तिकीट नाही. मी चित्रं बघितली, ह्यांनी चित्रातले बांध बघितले. शेजारी लायब्ररी, त्यात डच लेखकांची पुस्तकं कुठकुठल्या भाषांत, मराठी काही हाताला लागलं नाही. हे पुरुषांच्या बाथरूममध्ये गेले ते इतके खुशीत बाहेर आले की मला काही कळेना. आत भांड्यात माशीचं चित्र काढलेलं असतं, म्हणजे माणूस नेम धरतो आणि बाहेर सांडत नाही, ही युक्ती म्हणे स्किपोलमुळेच जगभर गाजली. "साधी माशी गं, ना दंड, ना पाटी!" म्हणाले, थांब, फोटो काढून आणतो. मी हात धरून ठेवला.

फोनचीही बॅटरी संपत आली होती आणि ॲडॉप्टर ह्यांनी अत्यंत काळजीपूर्वक चेक-इनच्या बॅगेत ठेवला होता. तर तिथे पायडल मारून फोन चार्ज करायची सायकल होती. हे स्वेटर, मफलर, कमरेला पासपोर्टची पिशवी अशा थाटात बसले आणि लागले पायडल मारायला, आणि तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल. तिला स्क्रीनवर फक्त बाबांचा लाल चेहरा वरखाली होताना दिसतोय आणि धापा ऐकू येतायत. "आई! बाबांना काय झालंय? कुणाला तरी बोलव!" ह्यांना बोलायला दम नव्हता आणि थांबलं तर चार्जिंग थांबतं म्हणून ते थांबेनात.

दिवसभर सगळ्यात करमणूक केली असेल तर त्या अनाउन्समेंटने. उशीर करणाऱ्या प्रवाशाला तिथे विनंती वगैरे करत नाहीत, अख्ख्या एअरपोर्टसमोर नाव घेऊन सांगतात की तुम्ही विमानाला उशीर करताय, ताबडतोब या, नाहीतर तुमचं सामान उतरवतोय. आणि ह्यात एका स्वराचा चढउतार नाही! आपल्याकडे लग्नात मुहूर्त टळत असताना वरपक्षासाठी ही बाई आणायला हवी.

अमेरिकेच्या विमानाला गेटपाशी वेगळी चौकशी असते. बॅगा कुणी भरल्या, कुणी काही न्यायला दिलंय का. आता आमच्या बॅगेत निम्मं सामान दुसऱ्यांचंच, एकांचं लिंबाचं लोणचं, एकांची भाजणी, माझ्या छातीत धडधड. चौकशीवाल्या मुलाने ह्यांना सहज विचारलं, दिवसभर इथे काय केलंत? झालं! तळं, पंप, 1852, मागे रांग वाढत चाललेली. आणि तो मुलगा निघाला त्याच पोल्डरमधल्या, म्हणजे पाणी उपसून काढलेल्या जमिनीवरच्या, हूफडॉर्प गावचा! म्हणाला, त्यातला एक पंप, क्रुकियस, अजून उभा आहे, म्युझियम केलंय, इथून जवळच आहे, बघितला नाहीत? लोणचं राहिलं बाजूला, आम्ही सुटलो.

सीटवर बसल्या बसल्या ह्यांनी लेकीला मेसेज टाकला, परतीचा लेओव्हर दोन दिवसांचा करून मिळतो का बघ आणि शेंगेनला काय काय कागद लागतात ते पाठव. तिने नुसता कपाळावर हात मारलेला इमोजी पाठवला. ह्यांना वाटलं नमस्कार करतीये, त्यांनी अनेक उत्तम आशीर्वाद लिहून फोन बंद केला.