कॅमेऱ्यात रिंगा दिसत नाहीत, हे आधीच सांगायला हवं होतं

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की स्कूटर निळा धूर टाकत होती म्हणून आमच्या फोंड्याच्या गॅरेजात आणलीत. आम्ही प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला, ४०० रुपये घेतले आणि ‘सिलिंडर चांगला आहे’ म्हणून गाडी परत दिली. महिन्याभरात दुसरीकडे इंजिन उघडलं तर रिंगा, म्हणजे तेल वर जळायला जाऊ न देणाऱ्या पिस्टनभोवतीच्या कड्या, झिजलेल्या निघाल्या. तक्रार रास्त आहे. सिलिंडरबद्दल सांगितलं ते खरं होतं, पण तुम्ही विचारलं होतं धुराचं कारण, आणि ते आम्ही शोधलंच नाही.

तुमच्या स्कूटरचा प्लग १० मिलिमीटर आट्यांचा आहे. त्यातून आमचा ५.५ मिलिमीटरचा कॅमेरा जातो. पिस्टन खाली नेला की पिस्टनचा माथा आणि सिलिंडरची भिंत दिसते, आडव्या लेन्सने व्हॉल्वही दिसतात. रिंगा मात्र माथ्याच्या खाली, पिस्टनच्या खाचांत असतात. फोर-स्ट्रोक इंजिनात त्या या भोकातून कधीच दिसत नाहीत. टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे होड्यांच्या जुन्या आउटबोर्डमध्ये, सायलेन्सरकडच्या पोर्टमधून रिंग दिसते. तुमच्या फोर-स्ट्रोक स्कूटरला ती सोय नाही.

तुमचं चित्रण जपून ठेवलेलं आहे, ते पुन्हा पाहिलं. होनिंगच्या (सिलिंडरची भिंत घासून मुद्दाम काढलेल्या) तिरक्या रेषा शाबूत आहेत, उभा ओरखडा एकही नाही. पण पिस्टनच्या माथ्यावर कडेकडेने सगळीकडून ओला पट्टा आहे. व्हॉल्वच्या दांड्यावरून तेल उतरू न देणारं सील गळत असतं तर ओल बहुधा इनटेक (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्वच्या बाजूलाच दिसली असती, आणि चोर्ला घाट उतरून खाली आल्यावर थ्रॉटल देताच धुराचा लोट आला असता. चहूबाजूंनी ओल म्हणजे रिंगांवर संशय. स्कूटरचं सिलिंडर जवळपास आडवं असतं, गाडी उभी राहिली की तेल खालच्या अंगाला साचतं, म्हणून नुसत्या ओलीवरून निकाल देता येत नाही. पण पुढची तपासणी करायलाच हवी होती, इतकं ते स्पष्ट होतं.

ती तपासणीही इंजिन न उघडताच होते. पिस्टन अगदी वर आणायचा, दोन्ही व्हॉल्व बंद असल्याची खात्री करायची, मॅग्नेटचा (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकाचा) नट पान्याने धरून ठेवायचा (नाहीतर हवेच्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो) आणि प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडायची. मग कान लावायचा. फुसफुस डिपस्टिकच्या भोकातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व. सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन गेजपेक्षा मी यावर जास्त विसंबतो. काही स्कूटरना सुरू करताना दाब कमी करणारी यंत्रणा असते आणि गेज उगाच कमी आकडा दाखवतं. भोकातून चमचाभर तेल घालून दाब वाढतो का पाहण्याची जुनी रीतही आडव्या सिलिंडरमध्ये फसवते, कारण तेल एकाच बाजूला राहतं.

कॅमेरा घालताना कचरा आत गेला असेल, ही तुमची दुसरी शंका. ती चुकीची नाही. प्लगच्या खळग्यात आपल्याकडची तांबडी धूळ भरलेली असते, आणि प्लग काढण्याआधी हवेने ती उडवली नाही तर सरळ आत पडते. आम्ही आधी हवा मारतो. तरी खडा गेलाच असता तर भिंतीवर ताजे उभे ओरखडे उठले असते. दुसऱ्या गॅरेजात सिलिंडरचा ब्लॉक उघडलाच आहे, तर तो उजेडात धरून बघा. ओरखडे नसतील तर ब्लॉक बदलायला देऊ नका. बोअरचं (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचं) माप मर्यादेत असेल तर नव्या रिंगा पुरतात. त्या बसवण्याआधी प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकलावी आणि टोकांमधली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून मॅन्युअलशी ताडून पाहावी.

तुमचे ४०० रुपये परत करतो. चित्रणही घेऊन जा, तुमच्या मेकॅनिकला दाखवा. यापुढे धुराची तक्रार असलेल्या गाडीला कॅमेरा आणि हवेची तपासणी एकाच पैशात होईल, आणि पावतीवर काय तपासलं याच्या खाली काय तपासलं नाही तेही लिहिलेलं असेल.