तूतन खामकरचा शाप

गिरगावातल्या आमच्या चाळीत दर वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला कार्यकारिणीची सभा होते आणि तीत गणपतीच्या देखाव्याचा विषय ठरतो. सभेला जाणारा माणूस शहाणा असेल तर मागच्या बाकावर बसतो, चहा पितो, दोनदा 'बरोबर आहे' म्हणतो आणि घरी येतो. मी गेली वीस वर्षं हेच करत होतो. यंदा मात्र तोंडून निसटलं, 'दर वर्षी तेच किल्ले आणि तीच देवळं. एकदा इजिप्त करा की.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

त्या दिवसांत मी तूतनखामेन राजाचं थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरबद्दल वाचत होतो, त्यामुळे गप्पही बसवेना. सांगून टाकलं. लक्झरजवळचं वाळवंट, राजांची दरी. वर्षानुवर्षं खणून हाती फारसं काही नाही, पैसे पुरवणारा लॉर्ड कार्नार्व्हन कंटाळलेला. आणि 4 नोव्हेंबर 1922 ला वाळूखाली एक पायरी लागते. खाली आणखी पायऱ्या, एकूण सोळा, आणि मग मोहोर लावलेलं दार. कार्टर काय करतो? पायऱ्या पुन्हा बुजवतो, इंग्लंडला तार करतो आणि साहेब येईपर्यंत तीन आठवडे वाट बघतो! मग 26 नोव्हेंबरला आतल्या दाराला भोक पाडून मेणबत्ती धरतो. मागून कार्नार्व्हन विचारतो, 'काही दिसतंय का?' आणि हा म्हणतो, 'हो, अद्भुत वस्तू!'

सभेत शांतता पसरली. मग खजिनदारांनी विचारलं, 'किती माल निघाला?'

'5,000 हून जास्त वस्तू. सगळ्या नोंदवून बाहेर काढायला दहा वर्षं लागली.'

'म्हणजे आपल्या रिडेव्हलपमेंटसारखंच,' सेक्रेटरी म्हणाले आणि विषय मंजूर झाला.

पहिली अडचण तळमजल्याच्या आजींनी काढली. बाप्पापुढे थडगं? चाळीचे दोन तट पडले. शेवटी पूजा सांगायला येणाऱ्या गुरुजींनी निवाडा दिला, की मेलेला माणूस शेवटी उठून बाप्पाला हात जोडत असेल तर त्यात अशुभ काही नाही. त्यामुळे ममी उठणार, हे शास्त्रानेच ठरलं.

दुसरी अडचण सामाजिक संदेशाची. आमच्याकडे देखाव्यात संदेश नसेल तर स्पर्धेत मार्क कापतात. तीन हजार वर्षांपूर्वीचा राजा आणि त्याचा संदेश काय? 'प्लास्टिक टाळा' म्हणायला लावावं तर त्या काळी प्लास्टिक कुठलं. मी पुन्हा तोंड उघडलं. (या लेखात माझं तोंड जिथे जिथे उघडतं तिथे तिथे वाचकांनी सावध व्हावं.) सांगितलं, की थडग्याच्या शापाची एवढी बोंब झाली, पण कार्नार्व्हन गेला तो डासामुळे. गालावर डास चावला, दाढी करताना तिथेच वस्तरा लागला, जखम चिघळली, विष अंगभर पसरलं, वर न्यूमोनिया. 5 एप्रिल 1923 ला कैरोत संपला. उलट प्रत्यक्ष थडगं फोडणारा कार्टर 1939 पर्यंत जगला.

'डास!' सेक्रेटरी उभेच राहिले. 'मलेरिया, डेंग्यू! साचलेलं पाणी काढून टाका! मिळाला संदेश.'

'अहो, पण त्याला मलेरिया नव्हता...'

'डास तो डास.'

त्यानंतर राजाच्या नावाचा प्रश्न आला. तूतनखामेन हे नाव खजिनदारांना अखेरपर्यंत जमलं नाही. फलक रंगवणाऱ्याला त्यांनी ते फोनवरून सांगितलं आणि फलक आला, 'वाळवंटातील रहस्य : राजा तूतन खामकर यांची समाधी'. 'यांची' वाचून बरं वाटलं, निदान मान तरी राखला होता. बदलायला वेळ नव्हता. पहिल्याच संध्याकाळी एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, 'हे खामकर मूळचे कुठले?'

नेपथ्याविषयी मी थोडं भांडलो. या राजाच्या थडग्यावर पिरॅमिड नव्हता. पिरॅमिड तिथून शेकडो किलोमीटर उत्तरेला आणि मोठा पिरॅमिड तर या राजाच्या 1200 वर्षं आधीचा. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'पिरॅमिड नसेल तर ते इजिप्त आहे हे लोकांना कळणार कसं?' यावर उत्तर नाही. थर्माकोलला 2018 पासून बंदी, तेव्हा पुठ्ठ्याचे तीन पिरॅमिड झाले. पडद्यावर उंट रंगवला गेला, तोही दोन मदारींचा. इजिप्तचा उंट एका मदारीचा असतो, हे मी पेंटरला सांगितलं. तो म्हणाला, 'एकाच मजुरीत दोन दिल्या ना साहेब, तक्रार कसली?'

वाळवंट शेजारच्या बांधकामावरून आलं, सात घमेली रेती. चाळीच्या मनी मांजरीने अर्ध्या तासात त्याची पाहणी केली आणि तिचा जो उपयोग करायचा तो केला. इजिप्तमध्ये मांजरांना केवढा मान होता, हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कोणी काही बोललं नाही. फक्त रोज संध्याकाळी कोणीतरी वाळवंट चाळून घ्यायचं.

माझा एकच आग्रह मान्य झाला, नाईल नदीचा. थडगी नदीच्या पश्चिम तीरावर, वस्ती पूर्व तीरावर. नाईल नसेल तर इजिप्तच नाही, असं मी टेबलावर हात आपटून म्हणालो. मग मंडपाच्या कडेने लांबट खड्डा करून त्यात निळं प्लास्टिक अंथरलं, पाइपने पाणी सोडलं आणि वर दोन कागदी होड्या. काम सुरेख झालं. हा भाग लक्षात ठेवा.

शवपेटी म्हणजे दुसऱ्या मजल्यावर नव्याने आलेल्या फ्रिजचा खोका. खऱ्या राजाच्या पेट्या एकात एक तीन, सगळ्यात आतली भरीव सोन्याची, सुमारे 110 किलो. आमच्या खोक्याला सोनेरी रंगाचे दोन हात दिले, तरी त्यावरची छत्री, काचेचा पेला आणि वर जाणारे दोन बाण काही झाकले गेले नाहीत. ते झाकायला तिसरा हात देणार, तेवढ्यात बघायला आलेल्या एका मास्तरांनी मुलांना दाखवलं, 'ही बघा त्यांची चित्रलिपी.' मग तिसरा हात दिलाच नाही.

राहता राहिली ममी. मी ओझरतं म्हणालो होतो, की राजाची उंची साधारण 5 फूट 6 इंच होती. सेक्रेटरींनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

'अहो, तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता. मी 47 चा आहे.'

'पट्ट्यांत काय कळतंय?'

इजिप्तमध्ये ममी करायला 70 दिवस लागत, त्यातले 40 नुसते खारात सुकवण्याचे. नाकातून आकडा घालून मेंदू काढून टाकत आणि हृदय मात्र जागेवर ठेवत. मंडळाचा कार्यकर्ताही याच निकषांवर निवडतात. यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी यांच्यासाठी चार बरण्या असत. आमच्याकडे काकूंनी चिनी मातीच्या लोणच्याच्या चार बरण्या दिल्या. त्यातल्या जठराच्या बरणीत मिरचीचं लोणचं होतं, हे तिसऱ्या दिवशी मुलांना कळलं आणि चौथ्या दिवशी संपलं.

पट्ट्यांसाठी बँडेजचे रोल आणायचं ठरलं होतं, पण खजिनदारांनी हिशेब केला आणि चाळीतली जुनी धोतरं, चादरी, परकर मागवले. गंमत म्हणजे इतिहासाला धरून झालेली तेवढीच एक गोष्ट. इजिप्तची माणसंही घरातलं जुनं कापड फाडूनच मेलेल्यांना गुंडाळत. माझ्या डाव्या पायाला आजोबांचं धोतर आलं. कापड जुनाट दिसावं म्हणून चहाच्या पाण्यात बुडवायचं होतं. ते काम पोरांनी केलं. कोपऱ्यावरच्या टपरीवरून उरलेला चहा बादलीभर आणला. तयार चहा. साखर घातलेला.

वाळवंटात शव टिकतं, कारण हवा कोरडी. भाद्रपदातल्या मुंबईत डब्यातला पापडही दुपारपर्यंत सादळतो. मला संध्याकाळी सातला गुंडाळायचे आणि दहाला सोडायचे. आठ मिनिटांचा खेळ, सात मिनिटं विश्रांती, की पुढचा. आतून घाम, बाहेरून गोड चहा. पहिल्या दिवशी मांडीवर काहीतरी चालल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रांग लावली. मुंग्यांना शवपेटीचा पत्ता लागला होता आणि त्या कार्टरच्याच चिकाटीने आत शिरत होत्या, फक्त नोंदी न ठेवता.

खेळ असा. कार्टर, म्हणजे खजिनदार, अंपायरची टोपी घालून तीन पायऱ्या उतरतात (सोळा बजेटमध्ये बसल्या नाहीत). मेणबत्ती धरतात. 'काही दिसतंय का?' 'अद्भुत वस्तू!' मग वरच्या गॅलरीतून तुटक्या छत्रीच्या काड्यांचा केलेला डास दोरीने खाली येतो, कार्नार्व्हनला चावतो, तो कोसळतो. झाकण उघडतं, मी उठून बसतो, ट्रॅकवर आवाज घुमतो, 'हे मानवा, साचलेलं पाणी काढून टाक!' आणि मी वळून बाप्पाला हात जोडतो. ट्रॅकवरचा आवाज माझा नव्हता. माझा आवाज राजाला शोभत नाही म्हणाले.

विश्रांतीच्या सात मिनिटांत आई यायची, तोंडावरची पट्टी खाली ओढून मला स्ट्रॉने पाणी पाजायची. इजिप्तमध्ये ममीचं तोंड उघडण्याचा एक खास विधी असे, मेलेल्याला परलोकात खाता-बोलता यावं म्हणून. मी तिला ते सांगू लागलो, तर तिने पट्टी पुन्हा वर केली.

सगळ्यात कठीण म्हणजे पडून ऐकणं. लोकांना मी पुतळाच वाटायचो. दोन बायका अगदी कानाशी बोलत होत्या. 'खरी असेल का गं?' 'छे, खरी असती तर पोट एवढं सुटलं असतं का?' दोन वर्षांपूर्वी हरवलेल्या माझ्या शिडीचा शोध मला त्याच पेटीत लागला. शिडी पहिल्या मजल्यावर आहे. एकदा ओळखीचा आवाज आला. आमची ही शेजारणीला सांगत होती, 'दहा दिवस घरात कसं शांत वाटतंय.' तळमजल्याच्या आजी, ज्यांनी थडग्याला विरोध केला होता, त्या रोज माझ्या छातीवर दहा रुपयांची नोट ठेवून पुटपुटायच्या, 'खामकरबाबा, गुडघ्यांचं बघा.' त्या नोटा खजिनदार रात्री मोजून घेत.

सहाव्या दिवशी एक डास पेटीत शिरला. दोरीवरचा नव्हे, खरा. बाहेर मेणबत्तीचा प्रसंग चालू, आत तो माझ्या नाकावर. हात छातीवर बांधलेले. मला एकदम कार्नार्व्हनचा गाल आठवला. मी नाक आक्रसलं, ओठ वर करून फुंकर मारली, आणि त्या गडबडीत पट्टीचा धागा नाकात गेला. खजिनदार म्हणत होते, 'अद्भुत...' आणि आतून अशी शिंक निघाली की झाकण उडून वाळवंटात पडलं. कार्टर तिन्ही पायऱ्या एका उडीत चढले. पुढच्या रांगेतली मुलं किंचाळली, मागची टाळ्या वाजवायला लागली. दुसऱ्या दिवशी रांग कोपऱ्यापर्यंत गेली आणि कमिटीने ठराव केला, की शिंक कायम ठेवावी. उरलेल्या चार दिवसांत मी रोज बारा वेळा शिंकलो. पहिल्या दोन आपोआप यायच्या, पुढच्यांसाठी आई तपकिरीची डबी घेऊन उभी राहायची.

अनंत चतुर्दशीला विसर्जन झालं. सामाजिक संदेशासाठी उत्तेजनार्थ बक्षीस आलं. पट्ट्या धुऊन त्यांची पोतेरी झाली. आणि चार दिवसांनी मी तापाने फणफणलो. माझ्यामागोमाग कार्टर, मग कार्नार्व्हन, मग गॅलरीतून डास सोडणारा पोरगा. चाळीत कुजबुज सुरू झाली. आजींनी तर उघडच सांगितलं, 'मी म्हटलं होतं, कोणाची समाधी अशी उकरू नये.' माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला, मलेरिया.

त्याच आठवड्यात पालिकेचा माणूस टॉर्च आणि बाटली घेऊन तपासणीला आला. टाक्या पाहिल्या, कुंड्या पाहिल्या. मग अजून न उतरवलेल्या मंडपापाशी थांबला. कडेला निळ्या प्लास्टिकवर पाणी होतं, त्यावर दोन भिजलेल्या होड्या. त्याने वाकून बाटलीत थोडं पाणी घेतलं आणि उजेडात धरलं. अळ्या वळवळत होत्या. डोक्यावर फलक अजून होताच, 'साचलेलं पाणी काढून टाका'.

'हे काय आहे?' त्याने विचारलं.

'नाईल,' सेक्रेटरी म्हणाले.

'कोणी केली?'

मी गॅलरीत, चादर गुंडाळून आरामखुर्चीत पडलो होतो. कार्यकारिणीच्या सगळ्या माना हळूहळू वर वळल्या. मी डोळे मिटून घेतले, हात छातीवर घेतले आणि श्वास रोखला. दहा दिवसांचा सराव होता. नाकावर एक डास बसला, तरी मी हललो नाही.